तिन्ही सारखे, तिन्ही चुकीचे

प्रिय शेंडेफळ,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू घाबरली असशील, तर आधी नीट बस. कोणीही गेलेलं नाही. आई ठणठणीत आहे. तिने नवी कवळी करून घेतली आहे आणि ती फक्त पाहुणे आले की लावते. जेवताना काढून डबीत ठेवते, उगाच झिजायला नको म्हणून. तुझी वहिनी समजावून थकली. मी त्या भानगडीत पडलो नाही. कपाटात नवे टॉवेल कागदात गुंडाळून ठेवायचे आणि विरून जाळी झालेल्या टॉवेलने अंग पुसायचं, असा माणूस आईला कोणत्या तोंडाने सांगणार? तर घरी सगळं ठीक आहे. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर मला धीर होत नाही. मी हॅलो म्हणतो, तू खिदळतेस, मी तुझ्या मानेची चौकशी करतो, तू माझ्या गुडघ्याची, मग हवापाण्याचं बोलून दोघंही फोन ठेवतो. अकरा वर्षं आपण हेच करतोय. कागद बरा. तो मध्येच हसत नाही.

तुझी बातमी मला तुझ्याकडून नाही, जावईबापूंकडून कळली, हा राग मी वेगळा राखून ठेवलाय. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत वास आणि चव तपासणाऱ्या गटाची तुला प्रमुख करायचं ठरतं, शहरभर नळाला जाणाऱ्या पाण्याबद्दल शेवटचा शब्द तुझा असणार असं साहेब स्वतः येऊन सांगतात, आणि बाईसाहेब महिनाअखेर नकार कळवणार आहेत! मी तुला फोन केला तेव्हा तू काय म्हणालीस ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "दादा, माझ्या नाकाने एकदा दगा दिलाय. दुसऱ्यांच्या घोटाची जबाबदारी त्याच्यावर कशी टाकू?" असं म्हणून तू नेहमीसारखी हसलीस. मीही हसलो. मग जेवायला बसलो आणि ताट तसंच सारून उठलो. तुझा नकार जायच्या आत हे पत्र तुझ्या हातात पडलं पाहिजे, म्हणून सकाळीच जाऊन टपाल किती वाजता निघतं ते विचारून आलो.

आपल्या घराची गंमत बघ. एका लेकराने जन्मभर दारूचा वास घेतला आणि दुसरीने पाण्याचा. शेजारचे निवृत्त मास्तर अजून मला पाहिलं की तुझ्या वहिनीकडे कणवेने बघतात. त्यांना वाटतं, हा रोज सकाळी दहा वाजता प्यायला बसतो. बसतो हे खरं, पण पितो कुठे? तोंडात घोळवतो आणि थुंकतो. थुंकण्याचा पगार घेणारा घराण्यातला पहिला मी, दुसरी तू. तुला आमच्या कंपनीतल्या व्हिस्की चाखायच्या खोलीत पहिल्यांदा आणलं तो दिवस आठवतो का? कॉलेज संपवून तू घरी बसली होतीस आणि आईचं डोकं खात होतीस. लहानपणापासून तुझं नाक म्हणजे घरातली पोलीसचौकी. दूध उद्या नासणार हे तू आदल्या संध्याकाळी सांगायचीस. मी बाहेर सिगरेट ओढून, तोंड धुऊन, पुदिन्याची गोळी चघळून आलो तरी दारातच तुझी भुवई वर. मी म्हटलं, हे नाक घरात वाया चाललंय. केमिस्टबाईंनी तुझ्यापुढे चोवीस बिनलेबलच्या बाटल्या ठेवल्या आणि वासावरून जोड्या लावायला सांगितल्या. तू बाराच्या बारा लावल्यास, आणि वर बाईंनाच सुनावलंस की यातली ही एक नीट धुतलेली नाही, आधी हिच्यात व्हिनेगर होतं. खरंच होतं. मी उगाच काहीतरी आणायचं निमित्त करून बाहेर गेलो, कारण माझं तोंड कानापर्यंत पसरलं होतं आणि वरिष्ठ माणसाला ते शोभत नाही.

खोली आहे तशीच आहे. उत्तरेची खिडकी, पांढऱ्या फरशा, पाच टेबलं, आणि दोन टेबलांमध्ये लाकडी आडोसा, म्हणजे दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून कोणी आपलं मत बदलायला नको. अत्तर नाही, वासाचा साबण नाही, सकाळी कच्चा कांदा खाल्लेला माणूस दारातूनच परत. रंगाने मन फसू नये म्हणून ग्लास निळे, तोंडाशी निमुळते, वर काचेची चकती. स्कॉच आपल्याकडे स्टीलच्या टाकीतून येते. पाच ठिकाणच्या माल्ट एकत्र केलेल्या, सगळ्या निव्वळ जवाच्या. ब्लेंडेड माल्ट म्हणजे तेच, दुसऱ्या कुठल्या धान्याचा तिच्यात थेंब चालत नाही. आपण फक्त पाणी घालून तिचा जोर उतरवायचा आणि बाटल्या भरायच्या. पण पिंपं तितक्या प्रकृती. दर टाकी थोडी वेगळी येते, आणि गिऱ्हाइकाला मात्र गेल्या वर्षीची बाटली आणि यंदाची बाटली एकच लागायला हवी. ते राखायला पाच नाकं. परीक्षेची रीत तुला सांगायला नको, पण म्हाताऱ्या माणसाला समोरच्याला ठाऊक असलेलंच सांगावंसं वाटतं. प्रत्येकापुढे तीन ग्लास. दोन सारखे, एक वेगळा. कधी दोनांत कपाटातल्या मूळ नमुन्याची व्हिस्की आणि एकात नव्या टाकीची, कधी उलट. वेगळा कोणता तो शोधायचा. कोणालाच सापडला नाही, तर नवी टाकी मुळासारखीच आहे असं धरून पास.

आणि त्या मूळ व्हिस्कीचं पहिलं वर्णन तुझ्या हातचं. मी तेव्हा लिहायचो, फळांचा वास, मध्यम गोड, किंचित धूर. तू लिहिलंस, "आधी पेअरची साल. मग नुकतीच विझवलेली मेणबत्ती. जिभेवर मध, पण चमच्याला चिकटून राहिलेला, बरणीतला नव्हे. पाण्याचे चार थेंब घातले की संत्र्याची साल आणि धुतलेले लोकरी मोजे. गिळल्यावर बऱ्याच वेळाने, सगळे निघून गेल्यावर, काल रात्रीच्या शेकोटीची राख." मोठ्या साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, हे मोजे काढून टाका. मी म्हटलं, साहेब, आधी वास घ्या. त्यांनी घेतला. मोजे राहिले. तो कागद अजून माझ्या खणात आहे.

त्या पहिल्या मालाच्या सहा बाटल्या मूळ नमुना म्हणून ठेवल्या होत्या. बुचावर लाख, चिठ्ठीवर साहेबांची सही, कपाटाची किल्ली माझ्याकडे. नियम असा की एक वापरायची आणि ती तळाला जायच्या आतच मोडीत काढून पुढची फोडायची, कारण अर्ध्या रिकाम्या बाटलीत हवा शिरते आणि चव चोरते. बारा वर्षांत पाच बाटल्या अशा रीतसर गेल्या. पाचवी संपत आली तेव्हा माझ्यातली आई जागी झाली. एकच राहिलेली, ती कशी फोडायची? झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याच आठवड्यात एक टाकी पास झाली होती. पाचांपैकी एकालाही फरक सापडला नव्हता, तुलाही नाही. मी म्हटलं, सारखीच तर आहे, मग हिच्यातली थोडी त्या पाचवीत भरली तर काय बिघडलं? भरली. चार महिन्यांनी पुन्हा भरली. मग हात सरावला. कोणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही केलंय असं वाटलंच नाही. दर टाकी मागच्या टाकीपेक्षा केसभर वेगळी असते, आणि केसभर फरक कोणाच्याच नाकाला कळत नाही. पण ज्या बाटलीशी ताडून बघायचं ती बाटलीच टाक्यांबरोबर सरकत असेल, तर पाच वर्षांत किती केस झाले? धुराची माल्ट जराशी कमी, गोड पिंपांची जराशी जास्त. थेंबे थेंबे तळं साचत गेलं आणि राखणदार काठावर निवांत बसून होता.

आणि मग तो दिवस. आपण दोघांनी त्याचं नाव कधी काढलेलं नाही, पण ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवायचं? तू तापाने आजारी पडली होतीस, दहा दिवस तुझी वासाची आणि चवीची जाण गेली होती. परत आली, पण मीच तुला दोन महिने सुट्टीवर ठेवलं, नाकाला विश्रांती म्हणून. परतलीस त्या पहिल्याच परीक्षेत चौघांनी लिहिलं, फरक नाही. तुझ्या कागदावर दोनच वाक्यं होती. "तिन्ही सारखे. तिन्ही चुकीचे." मी ते मोठ्याने वाचलं. कोणाचा कागद मोठ्याने वाचायची आपल्याकडे पद्धत नाही. मी वाचला, आणि वर म्हणालो की बाई, या कागदावर तिन्ही चुकीचे असा रकाना नाही. गोदामवाले काका हसले, केमिस्टबाई हसल्या. त्यांचा दोष नाही, मी हसवलं म्हणून हसले. तू हसली नाहीस. तू विचारलंस, "दादा, राख कुठे गेली?" मग कपाटाकडे बोट करून म्हणालीस, टाकी ठीक आहे, तुझी बाटली बघ.

बाटली बघ म्हणजे माझ्याकडे बघ. धाकट्या बहिणीने, चारचौघांत. मला मिरच्या झोंबल्या. मी काय बोललो ते तू विसरली नसशील. तापाने तुझं नाक गेलंय आणि तुला ते कबूल करायचं नाही, असं म्हणालो, आणि तेवढ्याने भागलं नाही म्हणून पुढे म्हणालो, नाक गेलेल्या माणसाने दुसऱ्याच्या बाटल्यांत नाक खुपसू नये. काकांनी मान खाली घातली. मला वाटलं तू भांडशील. खिडकीजवळच्या जागेसाठी चार वर्षांची असताना माझ्या दंडाला चावणारी तू, भांडायला हवी होतीस. पण तू ग्लासवर चकती ठेवलीस आणि म्हणालीस, "असेल दादा. तुला जास्त कळतं." एवढं बोलून ओढणी सावरून निघून गेलीस.

तुझ्या फायलीत शेरा पडला, "आजारपणानंतर घ्राणशक्ती भरवशाची राहिलेली नाही." खाली माझी सही आणि शिक्का. तू दोन ठिकाणी अर्ज केलेस, दोघांनीही आमच्याकडे चौकशी केली, आणि फाईल बोलली. मग तू पाण्याकडे वळलीस, आणि सगळ्यांना सांगत सुटलीस की व्हिस्कीपेक्षा पाणी अवघड, पाण्याला लपायला जागाच नसते. मी हे वाक्य चारचौघांत कौतुकाने सांगतो. पण जावईबापूंनी एकदा मला बाजूला घेऊन जे सांगितलं ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. पहिली दोन-तीन वर्षं तू सकाळी त्यांना रुमालाखाली वस्तू ठेवायला लावायचीस. साबणाची वडी, काड्यापेटी, पेन्सिलीची तासं, भाचीचा रबर. तू डोळे मिटून ओळखायचीस. रोज सगळ्या बरोबर यायच्या, आणि रोज तू विचारायचीस, "तुम्ही मुद्दाम सोप्या तर ठेवत नाही ना?" अजूनही दुसऱ्याची सही झाल्याशिवाय तू नमुन्याचा कागद पुढे पाठवत नाहीस म्हणे. गेल्या हिवाळ्यात नळाच्या पाण्यात काहीतरी कुजतंय हे तुला यंत्रांच्या दोन दिवस आधी कळलं, आणि तू शोधणाऱ्याचं नाव म्हणून शेजारच्या टेबलावरच्या बाईंचं नाव घातलंस! ते ऐकून मला तुझा राग आला. मग तो राग भलत्याच माणसावर काढतोय हे ध्यानात आलं.

आता त्या सहाव्या बाटलीचं सांगतो. ती मी फोडली. कामाची वेळ संपली होती, खोलीत ऊन तिरपं आलं होतं, बाकीचे निघून गेले होते. लाख चाकूने खरवडली, बूच अर्ध्यावर तुटलं, उरलेलं चिमट्याने काढावं लागलं. मग सगळं शिस्तीत केलं. तीन ग्लास घेतले, दोनांत रोजच्या बाटलीतली व्हिस्की, एकात सहावीतली. खुणेच्या चिठ्ठ्या ग्लासांच्या तळाला चिकटवल्या, डोळे मिटून ट्रेमध्ये ग्लास फिरवले, निम्मं पाणी घातलं, चकत्या ठेवून पाच मिनिटं थांबलो. पहिला ग्लास ओळखीचा. पिकून मऊ झालेली पेअर, मध, भरपूर मध. गोड बोलणाऱ्या माणसासारखा, कुठेच अडत नाही. दुसऱ्याला नाक लावलं आणि झटकन मागे घेतलं. काहीतरी अंगावर आलं. मेण, ओली लोकर, मीठ, एक खरखरीत कड. तिसरा पहिल्यासारखाच. मी दुसऱ्या ग्लासासमोर लिहून मोकळा झालो, "परका वास. नामंजूर." मग तळ उलटे करून पाहिले. दुसरा ग्लास सहाव्या बाटलीचा होता. मूळ नमुनाच मी नापास केला होता. बाटली सरकत गेली तसं माझं नाकही तिच्याबरोबर सरकत गेलं होतं. तू दोन महिने तिच्यापासून लांब होतीस, म्हणून तुला कळलं. कुंपणाने शेत खाल्लं म्हणतात, ते हेच.

मग खुर्ची ओढून बसलो, खणातून तुझा वर्णनाचा कागद काढला आणि तुझ्या एकेका शब्दामागून तोच ग्लास, आता पाणी न घालता भरून, पुन्हा घेतला. पेअरची साल. हो, सालच, गर नव्हे. विझवलेली मेणबत्ती होती. मध चमच्याला चिकटलेला, जेवढ्यास तेवढा. पाण्याचे चार थेंब टाकले आणि संत्र्याची साल आली, तिच्यामागून मोजे आले, धुतलेले. थुंकलो नाही, गिळला. मग वाट पाहत बसलो. आवारातली शेवटची गाडी निघून गेली, फाटक लागल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर कधीतरी घशाच्या मागून राख आली. कोरडी, हलकी, थंड. ग्लास न धुता तसाच ठेवला. सकाळी येऊन आधी तो हुंगला. गोडाचं नाव नाही, नुसती राख. शेजारच्या दोघांना सकाळी कशाचाच वास नव्हता. आता पारखी म्हणून माझं मत विचारशील, तर आम्ही विकत होतो ती व्हिस्की वाईट नव्हती. कोणालाही आवडेल अशीच होती. पण पाच माल्टांचं घर चारांचं झालं होतं, पाचवी त्यात असून नसल्यासारखी होती. ती गेल्याचं कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. तुझ्या आलं.

बाकी खोलीतल्या बातम्या सांगायच्या तर गोदामवाले काका नातवंडांकडे राहायला गेले, केमिस्टबाईंच्या जागी दोन नव्या मुली आल्या आहेत, दोघीही चुणचुणीत. मोठ्या साहेबांच्या खुर्चीवर आता त्यांची लेक बसते. पुढच्या महिन्यात मी निवृत्त होणार, म्हणून तिने निरोपाचा कार्यक्रम योजला होता. भाषणाचा कच्चा मसुदा मला दाखवला. त्यात पहिल्याच ओळीत होतं, नाकासमोर चालणारा माणूस. मी तो कागद घडी घालून परत केला. तुझ्याशी फोनवर बोलल्यावर दोन दिवसांनी सहावी बाटली, तुझा वर्णनाचा कागद, माझा नामंजूर लिहिलेला कागद आणि तुझी फाईल असं सगळं तिच्या टेबलावर नेऊन ठेवलं आणि बाटलीत भर घालण्यापासूनची हकीकत सांगितली. तिने नव्या मुलींना बोलावून तीन ग्लास लावायला लावले. दोघींनाही मूळ नमुना चटकन वेगळा काढता आला, माझ्यासारखी त्यांची नाकं अजून सरकलेली नाहीत. तिने आरडाओरडा केला नाही. एकच प्रश्न विचारला, "हे तुम्हाला केव्हा कळलं?" तिला मी खरं उत्तर दिलं. घरी येऊन तुझ्या वहिनीला तेच सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, पत्र लिहा, फोनवर तुम्ही पळवाट काढाल.

तो प्रश्न तू विचारणार नाहीस, म्हणून न विचारता सांगतो. बाटली मी परवा-तेरवा फोडली असं तुला वाटलं असेल. नाही गं. तू ग्लासवर चकती ठेवून गेलीस, त्याच संध्याकाळी फोडली. अकरा वर्षांपूर्वी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो रिकामा ग्लास हुंगला, तेव्हा तुझी फाईल माझ्यासमोर उघडी होती आणि शेरा लिहायचा बाकी होता. तू बरोबर होतीस हे मला ठाऊक होतं, नाकात राखेचा वास होता, आणि तरी मी तो शेरा लिहिला. घाबरलो होतो. लोक हसतील, किल्ली काढून घेतील, धाकटीने मोठ्याची चूक काढली असं होईल, एवढीच माझी भीती. मग नवं बूच बसवून वर लाख ओतली आणि बाटली मागे सारली. भर घालणंही चालूच ठेवलं, कारण थांबवलं असतं तर का थांबवलं ते सांगावं लागलं असतं. तू पाण्यात रमलीस असं स्वतःला समजावत राहिलो. रुमालाखालच्या वस्तूंचं कळलं त्या दिवशी तरी बोलायला हवं होतं. बोललो नाही. तुझ्या नाकाने कधीच दगा दिला नाही, दगा दिला तो तुझ्या भावाने, आणि हे तुला माझ्याच तोंडून कळायला हवं होतं. कंपनीने तो शेरा रद्द केलाय. नवा दाखला सोबत जोडलाय, त्यात काय घडलं ते सगळं लिहून खाली माझी सही आहे. निरोपाचा कार्यक्रम मी नको म्हणून सांगितलाय. तू आता माझ्यावर रागावशील, रागावलीच पाहिजेस, वर्षभर बोलली नाहीस तरी मी तक्रार करणार नाही. पण मोठा भाऊ म्हणून शेवटचा एक हुकूम ऐक. हे वाचून झालं की डोळे पूस, कागद घे, होकार लिही, आणि तो जावईबापूंच्या हाती लगेच टपालात टाकायला दे. मग मला फोन कर आणि तोंडाला येईल ते बोल. क्रम बदलू नकोस. आधी होकार, मग मी.

तुझ्या नाकाचा गुन्हेगार आणि तरीही तुझाच,

दादा